मदत हवी आहे : सर्फबोर्डची चीर कशी बुजवावी?

नमस्कार. मुलीने पहिल्या पगारातून घेतलेला सर्फबोर्ड (समुद्राच्या लाटांवर उभे राहण्याची फळी) पावसाळ्यापुरता मालवणहून सांगलीला आणला आहे. गोड्या पाण्याने धुऊन, पाय घसरू नये म्हणून लावलेले जुने मेण उन्हात दोन मिनिटे मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडले, तेव्हा मागच्या टोकाजवळ बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. अंगठ्याने दाबले की तिच्यातून पाण्याचा थेंब येतो. आतला फोम पॉलियुरेथेनचा आहे की ईपीएसचा (म्हणजे थर्माकोलचा), हे कसे ओळखावे? ईपीएस पॉलिस्टर रेझिनने (फायबरग्लासच्या कामात वापरतात त्या चिकट द्रवाने) विरघळतो, त्यामुळे मला घाई करायची नाही. या दमट हवेत बोर्ड आतून पूर्ण वाळला हे कशावरून समजावे, आणि सांगली-मिरजेत फायबरग्लासचे काम जपून करणारा कारागीर कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.