मेट्रो की गाडी? प्रश्नावलीतल्या उत्तरांचं विश्लेषण कसं करावं?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रबंधासाठी पुण्यातल्या वनाज मार्गावरच्या मेट्रोचा अभ्यास करतेय. गाडी (म्हणजे दुचाकी) सोडून मेट्रोकडे कोण वळतं आणि का, हा विषय. वनाज, नळस्टॉप आणि गरवारे कॉलेज स्टेशनांच्या जिन्यांपाशी उभी राहून तीनेकशे फॉर्म भरून घेतले. 'गाडी असली की कुणावर अवलंबून राहावं लागत नाही', 'बस कधी येईल याचा भरवसा नसतो' अशी वीस विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. प्रत्येक विधानाची सरासरी काढून तक्ते केले तर चालेल का? गाइड म्हणतात, तेवढ्यावर भागणार नाही.

आकडेमोड
गाइडचं बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ लिकर्टनं १९३२ मध्ये ही १ ते ५ गुणांची पद्धत मांडली तीसुद्धा अनेक विधानांच्या गुणांची बेरीज घेण्यासाठी, सुटं विधान तोलण्यासाठी नाही. फॅक्टर अ‍ॅनालिसिस करा. म्हणजे सोबतीनं वरखाली होणारी उत्तरं एकत्र करून त्यांमागचे समान कल शोधायचे; वीस विधानांमागे बहुधा तीन-चारच कल निघतील: स्वातंत्र्य, वेळेची खात्री, गर्दीचा तिटकारा वगैरे. उत्तरं क्रमवार आहेत (१ ते ५ मधली अंतरं सारखीच असतील असं नाही), म्हणून नेहमीच्याऐवजी पॉलिकोरिक सहसंबंध घ्या. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं फुकटात होतं.

रस्तेमोजणी
वाहतूक सर्वेक्षणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फॅक्टर अ‍ॅनालिसिस जरूर करा, पण आधी नमुना बघा. तुमचे सगळे फॉर्म मेट्रोवाल्यांचे आहेत. पौड रोडच्या सिग्नलला हेल्मेट घालून थांबलेला माणूस त्यात आलेलाच नाही, आणि प्रबंध तर त्याच्यावर आहे! कार्यालयांच्या पार्किंगमध्ये आणि पीएमपीच्या बसथांब्यांवर जाऊन आणखी फॉर्म भरा. असे वेगवेगळ्या जागी गोळा केलेले नमुने लॉजिट मॉडेलला (वेळ, भाडं वगैरेंवरून माणूस कुठला पर्याय निवडेल याची शक्यता काढणारं सूत्र) चालतात. प्रत्येक पर्यायाला स्थिरांक (वेळ-भाड्यापलीकडची त्याची ओढ दाखवणारा आकडा) दिलात की वेळेचे आणि भाड्याचे सहगुणक (निवडीवर त्यांचा किती परिणाम होतो ते आकडे) ठीक येतात, चुकतात ते स्थिरांक, आणि ते गाडी, बस, मेट्रोच्या शहरातल्या खऱ्या वाट्यांवरून दुरुस्त करता येतात. मात्र एखादा गट नमुन्यात मुळातच नसेल तर कुठलंच सूत्र मदतीला येत नाही.

दुसरं, 'मेट्रो आवडते' म्हणायला पैसे पडत नाहीत. काल कामावर कसे गेलात, घरापासून कामाच्या दारापर्यंत किती वेळ लागला, किती खर्च झाला, ते विचारा. मग कार्डं दाखवा: गाडी, २५ मिनिटं, पेट्रोल ३० रुपये; मेट्रो, ३५ मिनिटं, भाडं २० रुपये, त्यात १० मिनिटं चालणं. आकडे बदलत अशी सहा-आठ कार्डं पुरेत. लोक कार्ड हातात घेऊन विचारतात, "चालायचं म्हणजे उन्हातून का?" हे वहीत टिपून ठेवा, तक्त्यात ते सापडणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील असा अधिकृत अंदाज होता. अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांच्या गटानं एकेका प्रवाशाच्या निवडीवरून मॉडेल बांधलं, त्यातून आले ६.३ टक्के. प्रत्यक्षात भरले ६.२. पुढे २००० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच: चालत स्टेशन गाठणारे त्यांच्या मॉडेलनं जास्त धरले होते, आणि हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं. कर्वे रोडच्या फुटपाथवरून नळस्टॉपपर्यंत चालून या, मग चालण्याची मिनिटं प्रवासाच्या मिनिटांत मिसळायची का, ते तुम्हीच ठरवा.

मुठाकाठ
खूप आभार! पार्किंगमध्ये पुढच्या आठवड्यातच जाते. बस आणि मेट्रो 'सार्वजनिक' म्हणून एकत्र धरू का? फॅक्टरचे गुण मॉडेलमध्ये घालू का? आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचं काय?

आकडेमोड
फॅक्टरचे गुण थेट घातले तर त्यांतली मोजमापाची चूकही मॉडेलमध्ये शिरते. कल आणि निवड हे दोन्ही भाग एकत्र सोडवणारं हायब्रिड मॉडेल असतं, पण आधी साधं लॉजिट नीट बसू द्या. शिवाय मेट्रोनं जायला लागल्यावर मेट्रो आवडायला लागते, तेव्हा कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे जपून लिहा.

रस्तेमोजणी
बस आणि मेट्रो वेगळेच ठेवा, पण नेस्टेड लॉजिटमध्ये (एकमेकांसारखे पर्याय गटात बांधणारं लॉजिट) एका गटात. साधं लॉजिट धरून चालतं की नवी मेट्रो गाडीचे आणि बसचे प्रवासी सारख्याच प्रमाणात ओढेल. तसं सहसा होत नाही, बसवाले आधी सुटतात.

गाडी नसलेल्यांसाठी गाडीचा पर्याय बंद ठेवा. बायोजीम या लॉजिट मॉडेलं बसवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उपलब्धतेचा ०/१ रकाना देता येतो. फक्त नवऱ्याच्या किंवा भावाच्या मागे बसून येणाऱ्या बायकांना वेगळं विचारा. "गाडी आहे का?" म्हटलं की त्या "नाही" सांगतात, आणि रोज गाडीवरूनच येतात.