मदत हवी आहे: स्पितीसाठी कॅम्परव्हॅनची बॅटरी, आधी केबल बदलू की हीटिंग पॅड लावू?

ऑक्टोबरात हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात, काझाजवळ तीन रात्री बाहेरची वीज न घेता राहायचं आहे. रोजचा खर्च वॅट-तासांत असा: फ्रिज २७० (थंडीत कॉम्प्रेसर कमी चालतो), डिझेल हीटर २००, लॅपटॉप १८०, दिवे आणि पंप ७०. एकूण ७२०, तीन दिवसांचे २१६०. बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे २५६०. ८० टक्केच वापरली तर २०४८. थोडंसं कमी पडतंय, म्हणून गाडी चालताना चार्जिंग नीट होणं भागच आहे.

अडचण तिथेच आहे. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनच्या बॅटरीवरून ही लिथियम बॅटरी चार्ज करणारा) मागे बसवलाय. पुढच्या, इंजिनच्या बॅटरीपासून सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. केबल १० चौ. मिमी. चार्जर पूर्ण जोरात ३५ अँपिअर ओढतो तेव्हा केबलमध्येच पाऊण व्होल्ट जातो. इंजिन आयडलवर असलं की इनपुट १२.४ला येतं, चार्जर बंद पडतो, व्होल्टेज वर चढतं, पुन्हा सुरू होतो. दर मिनिटाला हेच. २५ चौ. मिमी टाकली तर घट ०.३ व्होल्टवर येईल. एवढ्याने भागेल, की चार्जरही पुढे सरकवावा?

दुसरं म्हणजे शून्याखाली लिथियम चार्ज केली तर सेलच्या आत लिथियम धातूचा थर बसतो, क्षमता कायमची जाते. बॅटरी पलंगाखाली, केबिनच्या आत आहे. रात्रभर हीटर चालू असेल तर तेवढं पुरतं का, की बॅटरीला हीटिंग पॅडही लावावा? थंडीत तिथे राहिलेल्यांनी सकाळचं सेलचं तापमान कृपया सांगा.