‘बाणगंगेला पाठवा याला’: मल्हारगंजच्या काकांना उत्तर

रामबागवाला
काल आपल्या इंदूरच्या ग्रुपवर मल्हारगंजच्या काकांनी लिहिलं, ‘पुरुषांना डिप्रेशन वगैरे काही होत नाही, ही रिकामटेकड्यांची थेरं. सकाळी नेहरू पार्कात चार फेऱ्या, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत दोस्तांबरोबर गराडू, झोप आपोआप लागते. मिल बंद पडली तेव्हा आमचा बाप गेला होता का डॉक्टरकडे?’ खाली धडाधड अंगठे. मला राहवलं नाही.

काका, मी फेऱ्या मारत होतो. रोज सहा. मग बाकावर बसून छाती धरायची आणि घाम पुसायचा. तीन ईसीजी, एक टूडी इको, सगळं नॉर्मल. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली, आता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ती चिठ्ठी दोन महिने गाडीच्या डिकीत पडून होती, पीयूसीच्या कागदाखाली. गेलो तोही गाडी मागच्या गल्लीत लावून. आत नंबर येईपर्यंत अर्धा तास हेल्मेट काढलं नाही, काच खाली ओढून बसलो होतो, मे महिन्यात. कोणी ओळखीचं भेटलं तर? लहानपणापासून आपण एकच ऐकलंय, जरा कोणी वेगळं वागलं की ‘बाणगंगेला पाठवा याला’, म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात. बायकोला सांगितलं होतं, गॅसचा त्रास आहे.

गोळ्यांचा फरक कळायला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात एका सकाळी पोहे खाताना लक्षात आलं, की चव लागतेय.

मल्हारगंजचे काका
चारचौघांत माझं काढलंत, तर आता ऐका. माझा धाकटा भाऊ. धंदा बसला, झोप उडाली. डॉक्टरने चार मिनिटांत झोपेची गोळी लिहिली. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. सहा वर्षं. एक दिवस गोळी मिळाली नाही तर हात असे थरथरत होते की बशी धरता येईना, मी माझ्या हाताने चहा पाजला त्याला. तुमचे ते तज्ज्ञ मी घरात बघितलेत.

विजयनगर_नाइटशिफ्ट
काका, अल्प्राझोलाम का? तिची सवय लागते, म्हणून तर चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी नाही, आणि ती एकदम बंदही करायची नसते. डिप्रेशनसाठी एरवी देतात त्या गोळ्या वेगळ्या. त्यांची तशी तलफ लागत नाही, सोडताना मात्र त्याही डॉक्टरच्या सांगण्यावरून, हळूहळू. भावाला लिहून कोणी दिली होती? मानसोपचारतज्ज्ञाने?

मल्हारगंजचे काका
फॅमिली डॉक्टरने. पुढे मेडिकलवाला जुनं पाकीट बघून देत राहिला.

विजयनगर_नाइटशिफ्ट
म्हणजे तज्ज्ञापर्यंत ते पोचलेच नाहीत! आम्ही दुसरं काय म्हणतोय? २०२२ च्या सरकारी आकड्यात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. शंभरातले जवळपास ७२ पुरुष. ते सगळे रिकामटेकडे होते का?

मल्हारगंजचे काका
आवाज खाली. तो माझा भाऊ आहे, तुझ्या वादातला मुद्दा नाही.

सुदामानगरची वहिनी
आणि ते ७२ वाचून बायका मजेत आहेत असं कोणी समजू नका. नवरा बोलत नाही, मग राग निघतो तो ताटावर आणि आमच्यावर. अकरा वर्षं मी ‘त्यांचा स्वभावच तापट’ असं सासरी-माहेरी सांगत आले. ते दवाखान्यात गेले असते तर मलाही झोप मिळाली असती. यावर कुणी लिहीत नाही.

मल्हारगंजचे काका
मुख्य गोष्ट राहिली. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची देणी निघाली २०२३ च्या डिसेंबरात. ३२ वर्षं! त्या माणसांना समुपदेशन नको होतं, हक्काचा पैसा हवा होता. भुकेला तुम्ही आजार म्हणणार?

टिळकनगर_निवृत्त
हे शंभर टक्के बरोबर. २२४ कोटी, कामगार ४८००. भागाकार करा, माणशी पावणेपाच लाखसुद्धा नाहीत. ३२ वर्षांचं व्याज कुठे गेलं?

विजयनगर_नाइटशिफ्ट
विषय काय चाललाय आणि तुम्ही व्याज काढताय.

टिळकनगर_निवृत्त
तुझ्या घरात एका महिन्याचा पगार थांबू दे, मग विषय काय ते कळेल. वाट बघता बघता किती जण गेले, त्यांच्या विधवा रांगेत उभ्या होत्या.

परदेशीपुऱ्याची लेक
माझे बाबा त्याच मिलमध्ये होते. मिल बंद झाल्यावरही ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. गेटसमोर बसून दुपारी डबा खायचे आणि परत यायचे. वर्षभर. आई न बोलता डबा भरून द्यायची. मग निघेनासे झाले, ओट्यावर बसून राहायचे. आम्हाला वाटायचं, बाबा अबोलच आहेत.

काका, तुमचं अर्धं खरं आहे, पैसा वेळेवर मिळायलाच हवा होता. पण पैसे आले त्या दिवशी मी पासबुकात एंट्री करून आणली, बाबांच्या हातात दिली. त्यांनी उघडूनही पाहिलं नाही, उशीखाली सारलं आणि पुन्हा ओट्यावर.

त्यानंतर मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते, हिंदीत विचारायचे, ‘मन उदास रहता है?’ बाबा म्हणायचे, ‘नहीं साहब, सब ठीक।’ दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा मीच मध्ये पडून विचारलं, बाबा, जीव कशातच रमत नाही का? बाबांनी टोपी काढून तोंडावर धरली.

मल्हारगंजचे काका
ताई, तुमच्या बाबांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझेही वडील ओट्यावरच बसायचे. आम्ही त्याला कणखरपणा म्हणायचो.

पण डॉक्टर चार मिनिटं देतात हे मी मागे घेणार नाही.

रामबागवाला
घेऊ नका. मलाही पहिले डॉक्टर सोडून दुसरे बघावे लागले, ते लिहायचं राहिलं. फीमुळे अडत असेल तर १४४१६ लावा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास. भाषा निवडता येते.

मल्हारगंजचे काका
रात्रीसुद्धा उचलतात?

रामबागवाला
मी रात्री अडीचला लावला होता. उचलला.

मल्हारगंजचे काका
लिहून घेतला. भावासाठी. तुमचं सगळं पटलं असं समजू नका.

परदेशीपुऱ्याची लेक
काका, नंबर नुसता हातात देऊ नका. फोन लावून द्या आणि शेजारी बसा.

टिळकनगर_निवृत्त
व्याजाचा विषय मी सोडलेला नाही. वेगळा धागा काढतोय, मिलवाल्यांच्या घरच्यांनी तिथे या.