पाठीचं लाटणं कोणाकडे आहे?

(सोसायटी ग्रुप – फक्त महत्त्वाचे)

आक्का, ए-३०१ (सकाळी ७:४२)
सर्वांना नमस्कार. माझं पाठीचं लाटणं कोणाकडे आहे? गटारीच्या आदल्या दिवशी स्वातीने नेलं, तिने बी-२०१ मध्ये दिलं, त्यापुढे कुठे गेलं मला कळलेलं नाही. आज अकरावा दिवस. जिन्यात दोनदा विचारलं तर "बघते हां आक्का" एवढंच उत्तर मिळालं. म्हणून आता इथे विचारते आहे.

बंडूकाका, सी-१०१ (७:४४)
पाण्याच्या टाकीचं झाकण बुधवारच्या वाऱ्यात उडून सी विंगच्या मागे पडलं आहे. टाकी उघडी आहे. कृपया लक्ष द्यावे.

सेक्रेटरी (७:५०)
सुप्रभात. आक्का, ज्यांच्याकडे असेल ते आणून देतील, काळजी नसावी. बंडूकाका, नोंद घेतली.

पिंट्या, ए-२०२ (७:५१)
आक्का पोळ्या करायच्या असतील तर आमच्याकडचं लाटणं घ्या 😀

आक्का, ए-३०१ (७:५५)
पिंट्या, पोळीचं नाही रे. दुखऱ्या पाठीवर फिरवायचं, वाकड्या दांड्याचं, चार चाकांचं. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर तुझ्या आईने चार दिवस नेलं होतं. तिने पुसून, कोरडं करून, वर येऊन हातात दिलं होतं.

पिंट्या, ए-२०२ (७:५६)
सॉरी आक्का 🙏 आई म्हणतेय त्याच्याशिवाय तिचा तो सीझन निघाला नसता.

स्वाती, बी-३०१ (८:१०)
मी नेलं हे खरं आहे, लपवायचं काही नाही. त्याच आठवड्यात गाडीने पनवेलला जाऊन आले होते. खड्ड्यांनी कंबरेचा भुगा झाला होता. दोन दिवस वापरलं. मग अप्पा दिसले. गॅलरीच्या चौकटीला पाठ घासत उभे होते बिचारे. बघवलं नाही म्हणून त्यांना दिलं. आक्कांना विचारायला हवं होतं, ते राहिलं.

अप्पांची सूनबाई, बी-२०१ (८:३१)
विषय निघालाच आहे तर लिहिते. आमच्याकडे ते नाही. दोन दिवस वापरल्यावर अप्पांची पाठ काळीनिळी झाली. उजव्या बाजूला, शेवटच्या फासळीपाशी, तळहाताएवढा जांभळा डाग. आंघोळीनंतर पंचा ओढताना मला दिसला. त्यांना स्टेंट आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, हे आख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. कुणीही उठून म्हाताऱ्या माणसाच्या हातात काहीही द्यायचं का?

स्वाती, बी-३०१ (८:३३)
काहीही म्हणजे? लाटणं दिलं, सुरी नाही दिली.

अप्पांची सूनबाई, बी-२०१ (८:३४)
तुम्ही नेहमी असंच बोलता. रविवारी ओली गोधडी वाळत घातलीत, आमच्या गॅलरीत दुपारपर्यंत ठिबकत होती, तेव्हाही "पाणीच आहे" म्हणालात.

स्वाती, बी-३०१ (८:३५)
श्रावणात गोधडी कुठे वाळत घालायची ते सांगा. सहा दिवसांत ऊन नाही.

बंडूकाका, सी-१०१ (८:३६)
टाकीचं झाकण.

सेक्रेटरी (८:४०)
कृपया वैयक्तिक विषय टाळावेत. सर्वांचा मान राखून विनंती. अप्पांची तब्येत आता कशी आहे?

अप्पांची सूनबाई, बी-२०१ (८:४२)
काल डॉक्टरांना दाखवलं. डाग पिवळा पडत चाललाय, म्हणजे उतरतोय म्हणाले. गोळी बंद करायची नाही, पण पाठीवर दाब द्यायचा नाही. मला रात्रभर झोप नव्हती हो.

मृणाल, सी-३०३ (८:५८)
वहिनी, डॉक्टरांना दाखवलंत हे फार बरं केलंत. मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचायला हवं, कारण ते लाटणं निम्म्या बिल्डिंगमध्ये फिरून आलंय.

वस्तू चांगली आहे. आक्कांचं मी पाहिलंय. दोन्हीकडे दोन दोन चाकं आणि मधे फट. पाठीचा कणा त्या फटीत राहतो आणि चाकं बाजूच्या मांसल भागावरून फिरतात. फिरवायचं ते स्नायूवर, हाडावर कधीच नाही. मणक्यावर नाही, खांद्याच्या फऱ्याच्या कडेवर नाही, फासळ्यांवर जोर लावून नाही. शेवटच्या फासळ्यांच्या आसपास दोन्ही बाजूंना आत मूत्रपिंडं असतात, तिथे दाबून फिरवायचं नाही. अप्पांचा डाग नेमका तिथेच आहे.

एका बाजूला एक-दोन मिनिटं पुरे. सावकाश. "हं, इथेच" असं गोड दुखलं की तेवढा दाब बरोबर. श्वास अडकला, दात आवळले की जास्त झाला. दुसऱ्या दिवशी निळं दिसलं तर थांबायचं. याने गाठी फुटत नाहीत, गादी जागेवर येत नाही. स्नायू थोडा वेळ सैल होतो, वाकणं-वळणं सोपं होतं, तेवढ्यात थोडं चालून हातपाय ताणून घेतले की खरा उपयोग.

रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेल्यांनी, हाडं ठिसूळ असलेल्यांनी, नुकतंच पडलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात घेऊ नये. पाठदुखीबरोबर ताप असेल, कळ गुडघ्याखाली पायात जात असेल, पाय बधिर वाटत असेल तर लाटणं बाजूला ठेवून दाखवायला जा. लघवीवरचा ताबा जात असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री सिव्हिलला जा.

पिंट्या, ए-२०२ (९:०४)
मृणालताई, मग मसाज गन घेऊ का? खटाखट काम.

मृणाल, सी-३०३ (९:०६)
तिलाही हीच सगळी पथ्यं, उलट ती जास्त जोरात मारते. तू रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाकलेला असतोस, तुझी मान त्याने दुखते. आधी तेवढं बंद कर. आणि टेनिसचा चेंडू मोज्यात घाल, मोजा खांद्यावरून मागे सोड, भिंतीला पाठ लावून चेंडूवर हळूहळू सरक. फुकटात होतं.

पिंट्या, ए-२०२ (९:०७)
चेंडू गच्चीच्या पन्हळीत अडकलाय, मे महिन्यापासून.

बंडूकाका, सी-१०१ (९:०८)
गच्चीवर कोणी जाणार असेल तर टाकीचं झाकण.

विलासराव, बी-१०३ (९:१५)
आमच्या लहानपणी असली यंत्रं नव्हती. उंडीचं कडू तेल कोमट करून चोळायचं आणि निगडीच्या पाल्याचा शेक. संपला विषय.

स्वाती, बी-३०१ (९:१६)
विलासराव, ते चोळायला कोण होतं तेही लिहा.

विलासराव, बी-१०३ (९:१७)
हा मेसेज डिलीट केला आहे.

अप्पांची सूनबाई, बी-२०१ (९:२०)
मुद्दा तोच राहिला. विचारल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला द्यायचं नव्हतं.

आक्का, ए-३०१ (९:४०)
सगळ्यांचं वाचलं. अप्पांचं वाचून फार वाईट वाटलं. माझ्याकडे आले असते तर मीच त्यांना सांगितलं असतं. माझ्या भावाला ती गोळी होती, साधी दाढी करताना कापलं तरी रक्त लवकर थांबत नसे. सूनबाई, तुझा राग मला समजतो.

पण माझंही ऐका. तीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवले. जूनच्या आधी रोज बारा-बारा तास मशीनवर वाकून. तेव्हापासून डाव्या फऱ्याच्या आत एक जागा आहे, तिथे माझा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही. हे होते तोवर रोज रात्री अंगठ्याने तेवढीच जागा दाबून द्यायचे. सांगावं लागायचं नाही, त्यांना ठाऊक होती. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलगी पुण्याला. घरात माझ्या पाठीला हात लावणारं माणूस नाही. कुणाला बोलावून "जरा पाठ चोळ गं" म्हणायची मला सवय नाही आणि ती लावून घ्यायचीही नाही.

ते लाटणं मुलीने आणलं. दांडा डाव्या खांद्यावरून मागे टाकायचा, खालचा पट्टा उजव्या हाताने कमरेपाशी धरायचा आणि आंघोळीला पंचाने पाठ घासतो तसं तिरकं, हळू वर-खाली. पहिल्या दिवशी चाक त्या जागेवर आलं तेव्हा मला रडू आलं. खरं सांगते. पहाटे चारला जाग येते, दोन मिनिटं फिरवते, मग सहापर्यंत झोप लागते. हे अकरा दिवस चारपासून जागी आहे.

द्यायला मी कधी नाही म्हटलेलं नाही. विचारून न्या आणि सांगून परत द्या. सूनबाई, तू ते कुठे ठेवलंस तेवढं मला सांग.

(९:४० ते १०:०५ कोणी लिहिलं नाही.)

अप्पांची सूनबाई, बी-२०१ (१०:०६)
आक्का, माझं चुकलं. डाग बघून डोकं फिरलं माझं. त्याच संध्याकाळी खाली नेऊन वॉचमनच्या टेबलावर ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. अप्पा परत घेतील या भीतीने घरात ठेवायचं नव्हतं. वर येऊन तुमच्या दाराशी द्यायला हवं होतं.

स्वाती, बी-३०१ (१०:०८)
मग मघापासून मला का बोलत होता?

सेक्रेटरी (१०:०९)
स्वातीताई, विनंती.

वॉचमन टेबल म्हणजे आता कुठे शोधायचं? रोज दहा माणसं तिथे टेकतात.

नंदू, सी-२०२ (१०:२२)
आक्का, माफ करा. लाटणा माझ्याकडे आसा. टेबलार होता, माका वाटला सोसायटीचा आसा. आता फोन बघितला, सकाळपासून शाळेत आहे.

पिंट्या, ए-२०२ (१०:२३)
नंदूदादा कुठल्या शाळेत, या वयात?

नंदू, सी-२०२ (१०:२४)
गणपतीच्या शाळेत रे बाबा. चतुर्थी साडेतीन आठवड्यांवर आली. १४० मूर्ती आहेत, शाडूच्या. या हवेत वाळतच नाहीत, खाली शेगड्या ठेवल्यात. दिवसभर मांडी घालून वाकायचं. डोळ्यांची आखणी करताना तर श्वाससुद्धा रोखून धरायला लागतो, हात हलला की देवाची नजर बिघडली. रात्री पाठ सरळ होत नाही. तुमच्या लाटण्यावर आठवडा काढला आक्का. त्याच्याशिवाय माझे ४० गणपती मागे पडले असते.

आक्का, ए-३०१ (१०:२६)
आहे ना नीट?

नंदू, सी-२०२ (१०:२७)
खोटं नाही सांगत. शाडूचे हात तसेच लावले. चाकांच्या फटीत माती जाऊन वाळली आहे, दोन चाकं फिरत नाहीत, नुसती घासतात. खालच्या पट्ट्याची शिवण एका बाजूने उसवली आहे. फोटो टाकतो.

(फोटो)

आक्का, ए-३०१ (१०:३१)
बघितला. चाकं जोर लावून फिरवू नकोस, आतला आस वाकेल. कोमट पाण्याच्या फडक्याने माती भिजव, दहा मिनिटं थांब, मग जुन्या दातघासणीने काढ. बुडवून ठेवू नकोस, आस लोखंडी आहे, आपल्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंजतो. आणि तेल मुळीच सोडू नकोस. चाकांवर रबर आहे. विलासरावांनी मागे एकदा उंडीचं तेल लावून फिरवलं होतं तेव्हा एक चाक फुगलं, ते मुलीने बदलून आणलं.

विलासराव, बी-१०३ (१०:३३)
ते अनवधानाने झालं होतं.

मृणाल, सी-३०३ (१०:३५)
नंदूदादा, दर अर्ध्या तासाने उठून दहा पावलं चाला. मूर्ती पाटावर न ठेवता स्टुलावर घ्या, डोळ्यांच्या उंचीला. लाटण्याने रात्रीपुरतं बरं वाटेल, पण बसणं तसंच राहिलं तर चतुर्थीला आरतीला उभं राहता येणार नाही.

नंदू, सी-२०२ (१०:३७)
स्टूल करतो ताई, आजच. आक्का, संध्याकाळी साफ करून आणतो. नवीन पण घेऊन देतो.

पिंट्या, ए-२०२ (१०:३८)
ऑनलाइन स्वस्तातलं घेऊ नका दादा. मी मागच्या वर्षी मागवलं होतं, पंधरा दिवसांत चाक निखळून पलंगाखाली. परत घ्यायलाही तयार नाहीत.

आक्का, ए-३०१ (१०:४०)
नवीन नको. हे मला हातात बसलंय. नंदू, तुला चतुर्थीपर्यंत लागेल हे मला कळतं. रात्री नऊला वर येऊन घेऊन जा, वापर आणि झोपायच्या आधी परत आणून दे. पहाटे चारला ते माझ्या उशाशी हवं.

नंदू, सी-२०२ (१०:४१)
नक्की आक्का.

स्वाती, बी-३०१ (१०:४४)
आक्का, आज रात्री मी येऊ का? तेल आहे घरात. ती जागा मला दाखवा, मी दाबून देते.

आक्का, ए-३०१ (१०:४७)
नको गं. तू म्हणालीस त्यात आलं सगळं. माझ्या पाठीला आता माझ्या हाताची सवय झाली आहे, ती मोडायची नाही. यायचं तर चहाला ये. सूनबाईलाही घेऊन ये, आणि अप्पांना. गोधडीचं तुमचं तुम्ही माझ्याकडे बसून मिटवा. हवं तर माझ्या मागच्या खोलीत दोरी आहे, पंखा लावून वाळव.

अप्पांची सूनबाई, बी-२०१ (१०:५०)
येते आक्का. अप्पा विचारतायत, त्यांना फिरवायची परवानगी नाही, पण नुसतं बघायला मिळेल का.

बंडूकाका, सी-१०१ (१०:५२)
झाकण.

नंदू, सी-२०२ (१०:५३)
काका, संध्याकाळी येताना शाळेतली तार आणतो. झाकण वर नेऊन बांधून टाकतो. पिंट्या, तू शिडी धर.

पिंट्या, ए-२०२ (१०:५३)
धरतो. चेंडू पण काढतो.

आक्का, ए-३०१ (१०:५८)
नंदू, पट्टा तू शिवू नकोस, मी शिवते. जाड सुई आहे माझ्याकडे. छत्रीचा काळा दोरा संपला आहे. कुणाकडे आहे का?

विलासराव, बी-१०३ (११:०१)
माझ्याकडे आहे. आणून देतो वर.