स्वस्तातले दिमाखदार घड्याळ : घ्यावे की नाही?

रोलेक्सने १९५३ साली आणलेल्या सबमरिनर या पाणबुड्यांसाठीच्या घड्याळाच्या धाटणीची, म्हणजे काळी तबकडी, फिरणारे बेझल (तबकडीभोवतीचे कडे) आणि पोलादी पट्टा असलेली घड्याळे आज आठ-दहा हजार रुपयांतही मिळतात. दुसऱ्याचे नाव छापून विकला जाणारा नकली माल मी येथे धरत नाही. स्वतःच्या नावाने, पण उंची घड्याळाच्या वळणावर घडवलेली घड्याळे तेवढी धरतो. माझा भाचा पहिल्या पगारातून असे एक घेऊ पाहतो आहे आणि त्याला मला जबाबदारीने सल्ला द्यायचा आहे. ज्यांनी अशी घड्याळे निदान वर्षभर वापरली असतील, त्यांनी आत कोणते मशीन होते आणि दुरुस्ती कोठे झाली, हे आवर्जून लिहावे.

ठाणे : सहा वर्षे मी इन्व्हिक्टा कंपनीचे प्रो डायव्हर वापरतो आहे. त्यात सेइको या जपानी कंपनीचे एनएच ३५ हे ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे मशीन आहे. ते तासाला २१,६०० ठोके देते आणि पूर्ण चावी असताना काढून ठेवले तर सुमारे ४१ तास चालते. दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढा फरक खुद्द सेइको ग्राह्य धरते, त्यामुळे माझे रोज बारा सेकंद पुढे जाते हे मी योग्यच मानतो. हेच मशीन पुष्कळ कंपन्या वापरतात, म्हणून आमचे घड्याळजी ते उघडायला कचरत नाहीत. मी पुन्हा हेच घेईन.

नाशिक : ‘चाळीस हजारांचे घड्याळ आज सहा हजारांत’ अशी जाहिरात पाहून वडिलांच्या साठीला मी एक सोनेरी घड्याळ मागवले. ते चाळीस हजारांना कोणी कधी घेतले होते का, हे विचारण्याचे मला त्या वेळी सुचले नाही. तबकडीवरील तीन लहान वर्तुळांपैकी दोन नुसतीच छापलेली होती, त्यांचे काटे हलतच नव्हते. आठ महिन्यांत घामाने मनगटाकडचा मुलामा गेला आणि खालचा पिवळट धातू उघडा पडला. वडील काही बोलले नाहीत, परंतु ते घड्याळ त्यांनी पुन्हा हातात घातले नाही.

मालवण : काचेची चौकशी अवश्य करावी. वाळूतल्या गारगोटीच्या कणांची कठिणता मोहस या एक ते दहाच्या मापात ७ असते, घड्याळाच्या सॅफायर काचेची ९. माझ्या साध्या मिनरल काचेवर एकाच उन्हाळ्यात ओरखडे पडले.

कोल्हापूर : मी तीस वर्षे घड्याळदुरुस्तीच्या व्यवसायात आहे. ग्राहक कंपनीचे नाव सांगतात, मी मागचे झाकण उघडून मशीनचा क्रमांक वाचतो. सेइकोचे किंवा सिटिझन समूहाच्या मियोटाचे मशीन निघाले, तर कंपनी उद्या बंद पडली तरी घड्याळ चालू ठेवता येते. क्रमांकच नसलेले मशीन बिघडले, तर मला बहुधा हात जोडावे लागतात. ‘३० मीटर’ असे लिहिलेले घड्याळ पाण्याच्या शिंतोड्यांपुरते असते, ते घालून पोहू नये. आणि सेल बदलताना रबरी वॉशर पाहून घ्यावा, कारण तो कडक झाला की तबकडीवर वाफ धरते. भाच्याला बिनचूक वेळ हवी असेल, तर क्वार्ट्झला, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळाला, कमी लेखू नये. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि साधे क्वार्ट्झही महिन्याकाठी काही सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही.