ज्यूरीचे बोलावणे आणि आईचे सहस्रचंद्रदर्शन

मंदार (एडिसन, न्यू जर्सी): सर्वांना नमस्कार. आज टपालाने काउंटी न्यायालयाचे ज्यूरीसाठीचे, म्हणजे खटला ऐकून निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसण्यासाठीचे, समन्स आले असून सोमवार, ८ डिसेंबर रोजी सकाळी हजर राहण्यास सांगितले आहे. आमची तिकिटे ६ तारखेची आहेत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. नागरिकत्व मिळून दोन वर्षे होत नाहीत, तोच नेमक्या याच आठवड्यात हे यावे, याचा मला मनस्वी त्रास झाला आहे. मी मार्ग शोधत आहे. तोपर्यंत कोणी तर्क लढवू नयेत, एवढीच विनंती.

सुलभाताई: तर्क कोणी लढवत नाही, मंदार. वास्तुशांतीच्या वेळीही आदल्या आठवड्यातच तुझे काम निघाले होते, ते आठवले एवढेच. आईने तुमच्या खोलीतल्या गाद्या कालच उन्हात घालायला लावल्या आहेत.

वर्षावहिनी: सर्वांच्या माहितीसाठी पुन्हा लिहिते. आईंचे सहस्रचंद्रदर्शन रविवार, १४ डिसेंबर रोजी सकाळी दहा वाजता आहे. कार्यालय आणि गुरुजी ठरलेले असल्यामुळे तारीख बदलणार नाही. पानांची संख्या शुक्रवारपर्यंत कळवावी.

मंदार: वहिनी, तारीख बदला असे मी म्हटलेले नाही. आमचे कार्यालय ज्यूरीच्या दिवसांचा पगार देत नाही, आणि खटला लांबला तर डिसेंबर त्यातच जाईल, ही माझी अडचण आहे.

विनूदादा (ठाणे): अरे, त्यात एवढे काय आहे? इंग्रजी नीट समजत नाही असे अर्जात लिहून मोकळा हो. माझ्या मित्राच्या मेहुण्याने तेच केले होते. वीस वर्षे अमेरिकेत राहून मंदारला इंग्रजी येत नाही हे त्याच्या बॉसला कळू नये म्हणजे झाले! 😂

नीलाताई (न्यू जर्सी): विनू, हे गमतीने लिहिले असलेस तरी मला ते अजिबात आवडले नाही. त्या अर्जात इंग्रजी वाचता आणि समजता येते का, असे विचारतात, आणि दिलेले उत्तर खरे आहे म्हणून आपण त्याखाली सही करतो. ज्या देशाच्या नागरिकत्वाची शपथ हात वर करून घेतली, त्याच्याच न्यायालयाला पहिलेच पत्र खोटे लिहायचे का? मंदार, कारण खरे सांगून पुढची तारीख मागता येते. तिकिटे आधी काढलेली आहेत, हे सरळ लिही.

विनूदादा: ताई, मी सहज लिहिले होते. आपल्या ग्रुपवर विनोद करण्यासाठीही आता अर्ज करावा लागेल असे दिसते.

आबाकाका (सदाशिव पेठ): विनायक, भाषेवरून विनोद झाला म्हणून लिहितो. १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा केसरीतले लेख मराठी होते आणि ज्यूरीपुढे गेले ते इंग्रजी भाषांतर. आपल्या शब्दांचा खरा अर्थ त्या नऊ जणांपर्यंत पोहोचावा म्हणून टिळक स्वतः एकवीस तासांहून अधिक काळ बोलले. सात विरुद्ध दोन असे मत पडून ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, या आशयाचे त्यांचे उद्गार मुंबई उच्च न्यायालयात दालनाबाहेर कोरलेले आहेत. मी नीलाला लहानपणी तेथे घेऊन गेलो होतो. ज्याचा निवाडा करायचा त्याची भाषा समजणे ही ज्यूरीची पहिली पात्रता आहे. ती असताना नाही म्हणणे मला पटत नाही.

वर्षावहिनी: काका, माहिती फार छान आहे. पानांची संख्या शुक्रवारपर्यंत कळवावी, ही पुन्हा विनंती.

दादा: मंदार, पुढची तारीख जरूर माग. मात्र वकिलीत तीस वर्षे काढल्यावर माझे मत सांगतो, की आपल्या देशाने ज्यूरी बंद केली हे योग्यच झाले. न्यायाधीशाला निकालाची कारणे लिहावी लागतात आणि त्या कारणांवर अपील करता येते. ज्यूरी दोषी किंवा निर्दोष एवढेच सांगते. का, ते सांगत नाही. ज्याचे जन्माचे नुकसान व्हायचे त्याला निदान कारण तरी कळले पाहिजे.

आबाकाका: नानावटी खटल्याने ज्यूरी गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि आम्ही गिरगावात राहत होतो. नौदलातल्या कमांडर नानावटींनी एप्रिल १९५९ मध्ये पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. आमच्या चाळीत संध्याकाळी नळावरसुद्धा दुसरा विषय नसे. ‘ब्लिट्झ’ हे साप्ताहिक नानावटींच्या बाजूने उघड मोहीम चालवत होते, आणि आमच्या घरी वडील ज्यूरीच्या विरुद्ध, तर आई नानावटींच्या बाजूने होती.

दादा: काका, नानावटी खटल्याने ज्यूरी गेली हे अर्धेच खरे आहे. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती, म्हणजे त्या गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधीच. खटल्यात झाले ते असे, की सत्र न्यायाधीश मेहता यांना ज्यूरीचा निर्णय पुराव्याशी पूर्ण विसंगत वाटला, म्हणून जुन्या फौजदारी संहितेतील अधिकार वापरून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. १९७३ च्या संहितेत ज्यूरी राहिलीच नाही. पारशी विवाहाच्या खटल्यांत मात्र समाजातले प्रतिनिधी आजही न्यायाधीशांबरोबर बसतात.

आबाकाका: मी त्या काळात होतो, तू नव्हतास. नानावटी खटल्याने ज्यूरी गेली.

सुलभाताई: दादा, काकांशी वाद घालू नकोस. त्यांचा रक्तदाब वाढतो.

केदार (लंडन): आबाआजोबा, दादामामा, मी मध्ये बोलतो. मला गेल्या वर्षी येथील क्राउन कोर्टात ज्यूरीसाठी बोलावले होते. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तरी राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून मतदार यादीत नाव असल्याने आणि येथे पाच वर्षांहून अधिक राहिल्याने मी पात्र ठरलो. मंदारमामाकडे नागरिकत्वाशिवाय बोलावणे येत नाही, येथे तसे नाही. आम्ही बारा जण होतो आणि शपथ एकेकाने उभे राहून घ्यायची होती. मी गीता मागितली. न्यायालयाच्या कर्मचारी बाईंनी कापडात गुंडाळलेली प्रत आणली आणि कापड मीच सोडावे म्हणून ती तशीच माझ्यासमोर धरली. आजी रोज सकाळी पंधरावा अध्याय म्हणते तो आवाज मला त्या क्षणी इतका स्पष्ट आठवला, की शपथेचे पहिले वाक्य मला दोनदा वाचावे लागले.

सुलभाताई: हे तू मला फोनवर कधीच सांगितले नाहीस. खटला कसला होता? तुम्ही काय ठरवले?

केदार: आई, ज्यूरीच्या खोलीत कोण काय बोलले आणि कोणी काय मत दिले, हे येथे जन्मभर कोणालाही सांगता येत नाही, तो गुन्हा आहे. उघड न्यायालयात घडलेले तेवढे सांगता येते, म्हणून शपथेचे सांगितले.

विनूदादा: मग ग्रुपवर सांगण्यासारखे काही उरलेच नाही! 😄

केदार: विनूमामा, मला तर ते बंधन हवेसे वाटले. त्या खोलीत मनातले बोलताना उद्या कोणी मला नावाने दोष देईल, ही भीती नव्हती.

वर्षावहिनी: आईंचे सहस्रचंद्रदर्शन रविवार, १४ डिसेंबर रोजी सकाळी दहा वाजता आहे. तारीख बदलणार नाही. केदार, तुझे आणि श्रेयाचे धरून दोन पाने लिहिली आहेत.

नीलाताई: वहिनी, दोन मिनिटे द्या. दादाने ज्यूरी कारण सांगत नाही असे लिहिले आहे, त्यावर मला माझे सांगायचे आहे. मी हे फक्त बाबांना सांगितले होते. आमच्याकडे निकाल लागल्यावर बोलायला बंदी नाही, तरी आठ वर्षे मी बोलले नाही.

२०१७ साली मी ज्यूरीवर होते. निवडीच्या वेळी न्यायाधीश प्रत्येकाला तेच प्रश्न विचारत होते, आणि त्यात पोलिसाचा शब्द केवळ तो पोलीस आहे म्हणून जास्त खरा मानाल का, असाही एक प्रश्न होता. सुटका हवी असलेले लोक तेथे हमखास हो म्हणत होते. मी नाही म्हटले आणि सहाव्या खुर्चीवर बसले. पहिले तीन दिवस रोजचे पाच डॉलर आणि चौथ्या दिवसापासून चाळीस मिळत होते. मंदार, तुझ्या पगाराची अडचण मला कळते. आरोपी वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. रात्री साडेअकराला गाड्या लावण्याच्या जागेत एका बाईंची पर्स धाक दाखवून हिसकावल्याचा आरोप होता, आणि ओळखणाऱ्या त्या बाई हाच एकमेव थेट पुरावा होता. पहिल्या दिवशी त्या मुलाने नवा कोरा शर्ट घातला होता. पाकिटातल्या घड्या त्याच्या पाठीवर चौकोनी उमटलेल्या मला माझ्या खुर्चीवरून दिसत होत्या. त्याची आई मागच्या बाकावर बसलेली असे. इस्त्री करायला वेळ मिळाला नसेल की सुचले नसेल, हा विचार मी साक्ष चालू असताना करत होते, याची मला नंतर फार लाज वाटली.

विनूदादा: नीलाताई, पुढे काय झाले?

नीलाताई: त्या बाई साक्ष देताना रडल्या आणि त्यांनी मुलाकडे बोट दाखवले. खरे सांगते, त्याच दिवशी मी मनात त्याला दोषी ठरवून टाकले. शेवटचे शब्द दोन्ही बाजूंनी बोलून होईपर्यंत मत बनवू नका, असे न्यायाधीश रोज सायंकाळी बजावत असत, आणि मी रोज मान हलवत असे.

आम्ही चौदा जण ऐकत होतो. निर्णयाला बारा लागतात. राखीव दोघे कोण हे आमच्याकडे आधी सांगत नाहीत, भाषणे संपल्यावर चिठ्ठ्या काढतात. लिपिकाने छोटे पिंप हाताने फिरवले, आत चिठ्ठ्या घसरल्याचा आवाज झाला, आणि दुसरीच चिठ्ठी सहा नंबरची निघाली. इतके दिवस ऐकून मी निर्णयाबाहेर झाले. बारा जण आत गेले आणि आम्हा दोघांना वेगळ्या खोलीत बसवले. मला तेव्हा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निर्णय आला: निर्दोष, बारा विरुद्ध शून्य. आमच्यातली एक शाळेतली शिक्षिका नंतर गाडीपाशी भेटली. तिने सांगितले, की पोलिसांनी त्याच रात्री काढलेल्या छायाचित्रात त्या कोपऱ्यातला दिवा बंद होता आणि सर्वांत जवळचा चालू दिवा पलीकडच्या टोकाला होता. ते छायाचित्र आमच्या सर्वांच्या हातांतून फिरले होते. मी त्यात जमीन पाहिली, गाडी पाहिली. दिवा पाहिला नाही. तो मुलगाच होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. पण त्या अंधारात चेहरा खात्रीने ओळखता येतो असे म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता, आणि तरीही मी म्हटले असते.

दादा: नीला, तू हे मोकळेपणाने लिहिलेस याबद्दल मला आदर आहे. पण यातून माझेच म्हणणे सिद्ध होत नाही का? छायाचित्र हातात असून न पाहणारी माणसे ज्यूरीवर बसतात.

नीलाताई: दादा, मी एकटी न्यायाधीश असते तर तो मुलगा तुरुंगात गेला असता आणि मी त्याची उत्तम कारणेही लिहिली असती. बाराही जणांचे एकमत झाल्याशिवाय दोषी ठरवता येत नाही, आणि ज्यूरीने निर्दोष म्हटल्यावर आमच्याकडे न्यायाधीश ते प्रकरण नानावटींसारखे वर पाठवू शकत नाहीत. त्या शिक्षिकेलाही कोणीतरी इंग्रजी येत नाही असे लिही म्हणून सुचवले असते आणि तिने ते ऐकले असते, तर दिव्याकडे कोणी पाहिले असते?

दादा: एक प्रामाणिक शिक्षिका मिळाली म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. माझे मत बदललेले नाही. मात्र विनूचा सल्ला घेऊ नये, याबाबत मी नीलाशी सहमत आहे.

आबाकाका: नीला, हे सांगितलेस ते बरे केलेस. तू त्या वेळी आठवडाभर फोनवर नीट बोलत नव्हतीस.

विनूदादा: मी माझा पहिला संदेश काढून टाकला आहे. ताई, मला वाईट वाटले.

सुलभाताई: संदेश काढला तरी सर्वांनी वाचलेला आहे. मंदार, तुझे काय ठरले ते स्पष्ट लिही. आईला सायंकाळी सांगायचे आहे.

मंदार: मी आत्ताच अर्ज भरला. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे कारण आणि तिकिटांच्या तारखा लिहून फेब्रुवारीतली तारीख मागितली आहे. कायमची सूट मागितलेली नाही. खरे तर काल रात्री मी पोलिसांविषयीच्या त्याच प्रश्नाला काय उत्तर दिले म्हणजे लगेच घरी पाठवतात, हे शोधत बसलो होतो. नीलाताई, फेब्रुवारीत जाण्यापूर्वी मी तुझ्याकडे एक दिवस येईन. ताई, वास्तुशांतीचे तू म्हणतेस ते मला लागले, पण ते चुकीचे नाही.

सुलभाताई: तिकिटांचे छायाचित्र ग्रुपवर टाकावे.

मंदार: टाकतो. न्यायालयाचा होकार आला की तोही टाकतो.

दादा: आईला सर्व संदेश वाचून दाखवले. केदारचे गीतेचे तिने दोनदा वाचायला लावले. नीलासाठी तिचा एक प्रश्न आहे: निकाल ऐकल्यावर त्या मुलाच्या आईने काय केले?

नीलाताई: काकू, ती उठली नाही. सगळे दालन रिकामे होईपर्यंत ती बाकावरच बसून होती आणि तिच्या मांडीवर मुलाचा कोट होता. तो बाहेर जाऊन परत आला आणि तिच्या शेजारी बसला. त्यानंतर आम्हाला दुसऱ्या दाराने नेले.

वर्षावहिनी: आईंचे सहस्रचंद्रदर्शन रविवार, १४ डिसेंबर रोजी सकाळी दहा वाजता आहे. मंदारभाऊजींची चार पाने धरली आहेत. विनूभाऊजी, ठाण्याहून किती जण, हे अजून कळवलेले नाही.