कढीपत्ता : ताटातला आणि केसांतला

ओसरी
काल परसातल्या कढीपत्त्याची छाटणी केली आणि हाताला लागलेल्या वासाने आजी आठवली. दर शनिवारी ती लोखंडी कढईत खोबरेल तेल मंद आचेवर ठेवून त्यात पाने सोडत असे आणि ती काळपट, कुरकुरीत झाली की तेल गाळून, कोमट असतानाच आम्हा बहिणींच्या डोक्याला चोळत असे. माझे केस आजही दाट आहेत. त्याचे श्रेय पानांचे, मालिशीचे की आईकडच्या वारशाचे, हे मला ठरवता येत नाही. आपलेही अनुभव जरूर लिहावेत.

पाटावरवंटा
धुतलेली पाने पूर्ण वाळवूनच तेलात घालावीत. ओल्या पानांमुळे उडालेल्या तेलाचा डाग माझ्या मनगटावर अजून आहे.

सांजवात
बाळंतपणानंतर केस मूठमूठ गळू लागले, तेव्हा मी तीन महिने हेच तेल लावले आणि गळती थांबण्याची वाट पाहत राहिले. अखेर रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ९ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू फरक पडला. टाळूचा कोरडेपणा कमी होतो म्हणून तेल मी आजही लावते, पण केस गळत असतील तर आधी तपासणी करावी, असे कळकळीने सांगावेसे वाटते.

पाटावरवंटा
सांजवातताई, आता बरे आहे ना? बाळाला आशीर्वाद.

तिखटमीठ
या पानांत कॅल्शियम आणि बीटा-कॅरोटीन चांगले असते, पण फोडणीतली आठ-दहा पाने ताटाच्या कडेला काढून ठेवली तर ते पोटात जाणार कसे? म्हणून मी पाने तव्यावर कोरडी भाजते आणि तीळ, सुके खोबरे, लाल मिरची व आमसूल घालून चटणी कुटते. मुले ती भाकरीबरोबर आवडीने खातात.

संत्रानगरी
एक विनंती आहे. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला असल्यामुळे संत्र्यावरची सिट्रस सिला ही कीड त्याच्यावरही वाढते, म्हणून बागेजवळ तो लावू नये. आम्ही बांधावरचे झाड जड मनाने काढले.

दूरदेशी
त्याच किडीमुळे अमेरिकेत भारतातून ताजी पाने आणू देत नाहीत. आईने पिशवीत घातलेली जुडी मला विमानतळावरच द्यावी लागली होती.

ओसरी
वाचून वाईट वाटले. माझ्या झाडाच्या मुळाशी आलेले चार फुटवे मी कुंड्यांत लावले आहेत. जवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर अवश्य घेऊन जावेत.